गेली म्हणजे कुठे?

रंगाऱ्याला बोलण्याचा कंटाळा होता असं नाही, सवयच नव्हती. भिंतीशी बोलावं लागत नाही. पोपडे खरवडायचे, भेगांत लांबीचा लगदा भरायचा, तो वाळला की पॉलिश पेपरने घासायचा, मग प्राइमर, मग रंगाचा पहिला हात, दुसरा हात. दिवसभर शिडीच्या लाकडी घोड्यावर चढून छताकडे मान करणाऱ्या माणसाच्या तोंडात शब्दांपेक्षा धूळच जास्त जाते. लोक त्याला नावाने हाक मारत नसत. 'अहो रंगारी' म्हटलं की तो ओ देई. घरातलं बोलणं सगळं बायकोकडे होतं. दोघांच्या वाटणीचं ती एकटी बोले, आणि तरी तिचं संपत नसे.

त्यांना एकच मुलगी. ती तान्ही असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिचं अंग वाढेल, पण समज त्या मानाने वाढायची नाही. रंगारी ते ऐकून खिडकीबाहेर बघत राहिला. बायकोने पोर उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "चल गं शहाणे, घरी जाऊ." तेव्हापासून मुलीचं नाव शहाणी पडलं. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

जवळच्या शाळेत शहाणी मागच्या बाकावर बसून खिडकी पाठ करत राहिली. वरच्या वर्गात ढकलली जायची, पण वर्गातलं काही तिच्यात यायचं नाही. प्राथमिक संपल्यावर हेडमास्तरांनी हात जोडले. मग कुणीतरी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विशेष मुलांच्या माध्यमिक शाळेचं सांगितलं. पहिल्या दिवशी बायको तिथे भांडायच्याच तयारीने गेली. 'हिला काय काय येत नाही' हे ऐकून आणि सांगून तिचे कान आणि जीभ दोन्ही किटले होते.

तिथे एक मध्यम वयाच्या बाई बसल्या होत्या. मुलांच्या घरी जायचं, आईवडिलांशी बोलायचं, हे त्यांचं काम. शाळेत सगळे त्यांना घरभेटीच्या बाई म्हणत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हिला आनंद झाला की ही काय करते?"

बायको बघतच राहिली. असं कुणी विचारलं नव्हतं.

"टाळ्या वाजवते. पण आवाज न करता."

"आणि दुखलं खुपलं तर सांगते का? कोणत्या शब्दात?"

"'चावतंय' म्हणते. पोट दुखलं तरी चावतंय, दात दुखला तरी चावतंय."

"मग आम्हीही चावतंयच म्हणू," बाई म्हणाल्या.

भांडायला आलेली बायको बाहेर येऊन कॉरिडॉरभर रडली. रंगारी त्या दिवशी शाळेत एकदाच बोलला. कोपऱ्यातल्या ओलीकडे बोट दाखवून म्हणाला, "वरून पाणी मुरतंय. आधी गळती बघा, नाहीतर रंग टिकायचा नाही."

शाळा शहाणीला मानवली. तिच्या वर्गात मोजकीच मुलं होती आणि एक सर. फळ्याच्या बाजूला प्रत्येक मुलाच्या दिवसाची चित्रपट्टी असायची: दप्तर, हात धुणं, वाचन, जेवण, बाग, आणि सगळ्यात शेवटी न्यायला येणाऱ्या माणसाचा फोटो. शहाणीच्या पट्टीवर शेवटी आईचा फोटो होता. प्रत्येक गोष्ट झाली की ती ते चित्र काढून डब्यात टाकायची. आईचा फोटो तेवढा डब्यात टाकायची नाही. आई दारात दिसेपर्यंत हातात धरून बसायची.

तिथे तिला भाजी चिरायला शिकवली, बसने कसं जायचं ते शिकवलं, कुणी नको तिथे हात लावला तर मोठ्याने 'नाही' म्हणायला शिकवलं. एक गोष्ट मात्र सरांनी पहिल्याच महिन्यात आईवडिलांना सांगितली: "हिच्याशी सरळ बोला. आडवळणाचं तिला कळत नाही. शब्द असेल तसाच ती धरते."

बायकोला ते केव्हाच ठाऊक होतं. 'डोकं खाऊ नकोस' म्हटलं की शहाणी तोंड उघडून दाखवायची, बघ, काही नाही. 'बाबा हवा खायला गेलेत' म्हटलं की विचारायची, "गोड असते का?" एकदा रंगारी दमून आला आणि म्हणाला, "आज भिंतीला दोन हात मारून आलो." ही धावत जाऊन त्याचे हात तपासायला लागली, लागलं का म्हणून. बायको हसून हसून बेजार झाली. "अहो, जरा सरळ बोलायला शिका," ती म्हणायची. रंगारी मान हलवायचा. आधीच त्याचे शब्द मोजके, आणि त्यातले निम्मे आडवळणाचे.

शहाणी पंधरा-सोळाची झाली आणि बायकोचं पोट दुखायला लागलं. अंगावर काढलं, घरगुती उपाय झाले, आणि शेवटी तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर रंगाऱ्याला बाजूला घेऊन बोलले. एका सकाळी तिला उठवेना. गाडी बोलावली, रंगाऱ्याने तिला उचलून खाली नेलं. "मी दवाखान्यात जाऊन येते हं," असं ती शहाणीला म्हणाली. चपला दारातच राहिल्या.

घरभेटीच्या बाई तिला बघायला दवाखान्यात आल्या. बाहेर आल्यावर रंगाऱ्याला म्हणाल्या, "शहाणीला एकदा घेऊन या. आईला असं बघू दे तिला. त्यांचीही इच्छा आहे."

"इथे? या नळ्या बघायला? नको बाई. जरा बरी झाली की घरीच भेटतील."

बायकोनेही दोनदा विचारलं, "पोरीला आणता का?" तो "आणतो, आणतो" म्हणाला. मनात होतं, अशी वाळलेली आई बघून पोर घाबरेल. आणखी एक गोष्ट होती, ती तो स्वतःशीही बोलला नाही. पोरीला आणलं म्हणजे वेळ आली हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तो आज-उद्या करत राहिला आणि बायको थांबली नाही.

अंत्यविधीच्या दिवशी शहाणीला शेजारच्या गल्लीत त्याच्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे ठेवलं होतं. तिथून आणायला गेला तेव्हा ती बूट घालून तयारच होती.

"आई?"

रंगाऱ्याने तिच्या बुटांकडे बघितलं. "आई गेली," तो म्हणाला.

"कुठे गेली?"

"देवाघरी गेली."

"कधी येणार?"

आत्या पुढे झाली. तिने शहाणीला कुरवाळलं आणि म्हणाली, "आई खूप लांब गेली गं राणी. पण ती वरून बघते आपल्याला. तू रडलीस तर तिला वाईट वाटेल."

शहाणी रडली नाही. तिने वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची बेल वाजली. दारात शहाणी. "आई आहे?" शेजारीणबाईंना काय बोलावं कळेना. त्यांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. शहाणीने स्वयंपाकघर बघितलं, न्हाणीघर बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं आणि खाली आली. त्यानंतर रोज. वरून बघते म्हणजे वरच असणार, आणि वर दुसरं कोण राहतं? पुढेपुढे शेजारी दार उघडेनासे झाले. शहाणी बाहेर पायरीवर बसून राहायची. रंगारी तिला घ्यायला जायचा, मान खाली घालून. बंद दाराआडून टीव्हीचा आवाज बारीक केलेला ऐकू यायचा.

शाळेतही तिचं बिनसलं. जेवणाचा डबा तसाच परत यायला लागला. वर्गात आल्यावर ती बूट काढायला तयार होईना. दप्तर पाठीवरून उतरवेना. मनगट चावून चावून लाल केलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "चावतंय." न्यायला येणाऱ्याचा फोटो ती आता सकाळपासूनच मुठीत धरून बसायची.

एका दुपारी घरभेटीच्या बाई रंगाऱ्याच्या घरी आल्या. आत्याही होती. चहा झाला. बाईंनी इकडचं तिकडचं काही केलं नाही.

"शहाणीचे बाबा, आईबद्दल तिला काय सांगितलंत?"

"सांगितलं की."

"कोणत्या शब्दात?"

आत्याच म्हणाली, "सांगायचं कसं असतं तसंच सांगितलं. देवाघरी गेली म्हणून."

"तेच होतंय मग," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आपल्यात 'मेली' असं कुणी म्हणत नाही. गेली म्हणतो, वारली म्हणतो, सोडून गेली म्हणतो. तुम्हाआम्हाला कळतं. तिला 'गेली' म्हणजे बाजारात गेली तशी गेली. गेलेलं माणूस येतं. म्हणून ती बूट काढत नाही. तिला सांगावं लागेल, आई मेली."

रंगाऱ्याने कप खाली ठेवला. तो कधी कुणावर आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढला.

"बाई, मेली ही शिवी आहे आमच्या घरात. कुत्रं मेलं म्हणतात, उंदीर मेला म्हणतात. माझ्या बायकोला मी मेली म्हणू? पोरीच्या तोंडावर?"

"या शाळेला काळीज आहे की नाही?" आत्या उठूनच उभी राहिली. "बिचारीला काय कळतंय त्यातलं!"

"तिला सगळं कळतंय," बाई म्हणाल्या. "तिला कळतंय की आई येते म्हणून कुणीतरी सांगितलं आणि आई येत नाही. आई आपल्यावर रागावली असं तिला वाटत असेल, तर ते ती कोणत्या शब्दात सांगेल?"

जाताना बाई दारात थांबल्या. "मी जबरदस्ती करणार नाही. पण हे तुमच्या तोंडून व्हायला हवं. तुम्ही म्हणाल तेव्हा मी शेजारी बसेन."

त्या गेल्यावर आत्या म्हणाली, "ऐक माझं. तुझ्या एकट्याच्याने हे निभायचं नाही. कुठेतरी राहायची सोय असलेल्या ठिकाणी घाल तिला. तीही सुटेल, तूही सुटशील." बहीण मनाने वाईट नव्हती. भावाचे हाल तिला बघवत नव्हते. रंगारी फक्त "बघू" म्हणाला.

बघायला वेळ मिळालाच नाही. त्याच आठवड्यात तो एका मोठ्या हॉलचं छत करत होता. घोड्याच्या शेवटच्या पायरीवर होता आणि खिशातला फोन वाजायला लागला. हात रंगाने माखलेले. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. तो खाली उतरला तसा सोबतच्या माणसाने खिशातून फोन काढून त्याच्या कानाला लावला. शाळेतून होता. शहाणी शाळेत आलीच नव्हती.

सकाळी त्यानेच तिला कोपऱ्यावर शाळेच्या बसची वाट बघत उभं केलं होतं आणि बस दिसताच तो कामावर निघाला होता. शहाणी त्या बसमध्ये चढलीच नव्हती. आईच्या तपासण्यांना दोघी ज्या बसने दवाखान्यात जात, पलीकडच्या थांब्यावरून त्या शहरातल्या बसमध्ये ती चढली होती, एकटी. शाळेनेच शिकवलं होतं तसं, नीट रांगेत उभं राहून.

दवाखान्याच्या पहारेकऱ्याने तिच्या गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र वाचून शाळेला फोन केला होता. रंगारी पोचला तेव्हा शहाणी आतल्या लांब कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती, भिंतीला पाठ टेकून. शेजारी घरभेटीच्या बाई. शहाणीच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती. रंगाऱ्याने आत डोकावलं. बायकोच्या चपला.

"आईच्या चपला घरी राहिल्या," शहाणी म्हणाली. "म्हणून येत नाही. पाय भाजतात."

रंगारी तिथेच खाली बसला, फरशीवर, तिच्या पायांपाशी. त्याच्या केसांवर, भुवयांवर पांढरे थेंब सुकले होते. येणारेजाणारे वळून बघत होते. त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी नुसती मान हलवली.

"शहाणे," तो म्हणाला. "आई मेली."

शहाणी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मेली म्हणजे तिचं अंग बंद पडलं. तिला श्वास येत नाही. भूक लागत नाही. चावतही नाही आता तिला काही."

"चावत नाही?"

"नाही."

"मग येणार?"

"नाही. मेलेलं माणूस येत नाही."

"उद्या?"

"नाही."

"रविवारी?"

"नाही गं."

ती सोमवार म्हणाली, मंगळवार म्हणाली, एकेक वार घेत गेली. वर्गात सरांनी शिकवलेले सगळे वार तिने विचारले, आणि प्रत्येक वाराला रंगाऱ्याला 'नाही' म्हणावं लागलं. शनिवारपर्यंत येता येता त्याचा आवाज फुटला.

"माझ्यावर रागावली?"

"नाही! मुळीच नाही. तुला बोलाव म्हणत होती. दोनदा म्हणाली. मी आणलं नाही तुला. मी आणलं नाही."

शहाणीने पिशवीतून चपला काढल्या, बाकाखाली जोडीने ठेवल्या. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो रंगाऱ्याने आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. आतल्या खोलीतून एक परिचारिका धावत बाहेर आली. बाईंनी हात करून तिला थांबवलं. बापलेक किती वेळ तसे बसले होते कोण जाणे. रंगाऱ्याच्या हातांचा रंग शहाणीच्या शाळेच्या गणवेशाला लागला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भूक लागली."

एका शब्दाने सगळं सुरळीत झालं, असं काही नाही. उलट पुढचे दिवस जास्त कठीण गेले. आधी ती वाट बघत होती, आता तिला वाट बघायलाही काही उरलं नव्हतं. वर्गात ती बाकाखाली जाऊन बसे. सर तिला ओढून काढत नसत. स्वतःच शेजारी फरशीवर बसून बाकीच्या मुलांना शिकवत. शाळेत एक छोटी शांत खोली होती, जाड पडदे आणि गाद्यांची. तिथे तिला वाटेल तेव्हा जायची मुभा दिली. बाईंनी रंगाऱ्याला आईच्या वस्तूंची एक पेटी करायला सांगितली: ओढणी, कंगवा, तेलाची बाटली, फोनवर रेकॉर्ड झालेला आवाज. शहाणी ओढणी नाकाशी धरून झोपायची. ओढणीचा वास हळूहळू उडत चालला तेव्हा तिने तेलाची बाटली तिच्यावर ओतली. रंगारी ओरडायला निघाला होता, ओरडला नाही.

चित्रपट्टीचा प्रश्न आला. न्यायला आता बाबा येणार, तर फोटो बाबांचा हवा. कामावरून थेट आलेल्या रंगाऱ्याला सरांनी भिंतीशी उभं करून फोटो काढला. पण शहाणी आईचा फोटो सोडेना. सर म्हणाले, "राहू दे. दोन्ही लावू. कोण न्यायला येतं ते तिला माहीत आहे. आई पट्टीवर असली म्हणून कुणाचं काय बिघडतं?"

आणि ती सगळ्यांना सांगत सुटली. बस कंडक्टरला, दुकानदाराला, बापाबरोबर एखाद्या कामावर गेली की त्या घरमालकाला. "माझी आई मेली." लोक दचकायचे, 'अरेरे' करायचे, घाईने विषय बदलायचे. आत्या कानांवर हात ठेवायची. रंगारी तिचा हात धरून पुढे चालायला लागायचा. एकदा त्याने बाईंना विचारलं, "हे थांबणार कधी?"

"तुम्ही कुणाला सांगितलंत आतापर्यंत?" बाईंनी उलट विचारलं.

त्याने आठवून बघितलं. त्या कॉरिडॉरनंतर कुणालाच नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं.

शाळेत पालकांसाठी एक खोली होती. महिन्यातून एकदा तिथे मुलांचे वडील जमत. बायांची बैठक वेगळी असे, कारण बायका असल्या की बाप्ये तोंड उघडत नाहीत, असा बाईंचा अनुभव. रंगारी पहिल्यांदा गेला तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. एका व्हीलचेअरवरच्या मुलाचा बाप तिथे होता, ट्रक चालवणारा, घसघशीत मिशांचा. तो म्हणाला, "घाबरू नका हो. इथे आम्ही चहा पितो, आणि डोळ्यात कचरा गेला की रडतो. या खोलीत कचरा फार." सगळे हसले. रंगारीही किंचित हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्या खोलीत त्याला बरंच कळलं. वेणी घालायला ट्रकवाल्याने शिकवलं, तीही दोरखंडावर. पोरीची पाळी आली की काय करायचं, या विचाराने रंगाऱ्याची झोप उडाली होती. ते शाळेच्या नर्सबाईंनी शहाणीला चित्रं दाखवून आणि आत्याला समोर बसवून शिकवलं. आत्या आधी लाजेने अर्धी झाली होती. नंतर शहाणीने स्वतःहून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलेलं बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले. "वहिनीला बघायला हवं होतं हे," ती म्हणाली. राहायच्या सोयीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

दुकानातून पॅड आणायचं काम रंगाऱ्याकडे आलं. पहिल्या वेळी त्याने दुकानदाराला सांगितलं, "ते... बायकांचं." शहाणी शेजारीच होती. मोठ्याने म्हणाली, "पॅड म्हण बाबा. सरळ बोल."

वर्षं अशीच सरली. रंगाऱ्याच्या छातीत धूळ आणि रंगाचा वास साठत आला होता. घोड्यावर चढताना दम लागायला लागला. एका सकाळी तो असाच धापा टाकत पलंगावर बसला होता आणि शहाणी समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तू कधी मरणार?"

पूर्वीचा रंगारी असता तर 'अभद्र बोलू नये' म्हणून दटावून मोकळा झाला असता. त्याने श्वास जुळवला.

"माहीत नाही. आज नाही बहुतेक. पण कधीतरी मरणार."

"मग मी कुठे?"

हाच प्रश्न त्याने बायको गेल्या दिवसापासून उराशी दाबून ठेवला होता, आणि पोरीने तो तीन शब्दांत समोर ठेवला. त्याने सरळ सांगितलं: "माहीत नाही. आपण बाईंना विचारू."

शाळा आता संपत आली होती; अठरा पूर्ण झाले की मुलांना शाळेत ठेवता येत नसे. बाईंनी त्याला शाळेच्या मागच्या आवारातलं एक बैठं घर दाखवलं. वरच्या वर्गातली मुलं तिथे आळीपाळीने राहायची, एक ताई देखरेखीला. स्वतःचं अंथरूण घालायचं, भाजी करायची, आपापसात भांडायचं आणि मिटवायचं. पुढे शहराबाहेर मोठ्यांसाठी असंच एक घर होतं. तिथे जागा मिळायला बराच वेळ लागायचा, पण इथे राहून सवय झालेल्यांना आधी घ्यायचे.

"म्हणजे मी असतानाच तिला माझ्याशिवाय राहायला शिकवायचं," रंगारी म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. पुढे काही गोड बोलल्या नाहीत, याबद्दल त्याला बरं वाटलं.

पहिल्या शुक्रवारी त्याने तिची पिशवी भरली, वेणी घातली, तिला त्या घरात सोडलं. "मी रविवारी न्यायला येतो. रविवारी दुपारी," त्याने सांगितलं. शहाणीने मान डोलावली आणि पलंग बघायला आत गेली. तो बराच वेळ फाटकाशी उभा होता. ती रडेल, मागे धावत येईल, आणि मग आपल्याला तिला घरी न्यायला कारण मिळेल, असं त्याला आतून वाटत होतं. कुणी आलं नाही.

रविवारी तो वेळेआधीच पोचला. शहाणी ओट्यापाशी उभी राहून भेंडी चिरत होती, आणि शेजारचा एक मुलगा ती मोजत होता. देखरेखीच्या ताईंनी सांगितलं, आजच्या भाजीची पाळी हिची.

"चल शहाणे, घरी जायचं ना?"

तिने त्याच्याकडे बघितलं, मग भेंडीकडे. "भाजी राहिलीय," ती म्हणाली. "तू उद्या ये."

त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. "राहिली का पोर?"

"राहिली."

"रडली?"

"नाही."

"बरं झालं बाई," आत्या म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि तू जेवलास का?"

रंगाऱ्याने गॅसकडे बघितलं. सवयीने त्याने दोघांचा भात टाकला होता. "जेवतो आता," तो म्हणाला, आणि फोन ठेवून एकच ताट घेतलं.